संशोधनात नाव द्यावे का?

पत्राचा सारांश : माझे वय ४७. एका मोठ्या शहरातल्या दाट वस्तीत राहतो आणि रात्रपाळीत माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतो. पंचवीस वर्षांपासून सिगारेट ओढतो, दिवसाला साधारण वीस. जाग आली की पहिली सिगारेट पेटल्याशिवाय दुसरे काही सुचत नाही. आजवर तीनदा सोडली आणि तिन्ही वेळा महिन्याच्या आत पुन्हा सुरू झाली. गेल्या महिन्यात वस्तीत एक आरोग्य कार्यकर्ती आली आणि तंबाखू सोडण्यासंबंधीच्या संशोधनात सहभागी व्हा म्हणाली. कोणाला कोणता उपचार मिळेल ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते, असे तिने सांगितले. मुलगी म्हणते, बाबा, नाव द्या. शेजारचे वडीलधारे म्हणतात, मागेही असेच लोक आले, रक्त घेऊन गेले आणि पुन्हा तोंड दाखवले नाही. प्रयोग करायला गरीबच बरे सापडतात. मी पुन्हा ओढायला लागलो तर माझ्यामुळे त्यांचे संशोधन बिघडेल, याचीही आताच लाज वाटते. काय करावे? दोन महिन्यांपासून खोकलाही आहे, पण संशोधनात तपासणी होणारच आहे म्हणून तो वेगळा कुठे दाखवलेला नाही.

सप्रेम नमस्कार,

खोकल्याची गोष्ट तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. मी मात्र सुरुवात तिथूनच करते. तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला डॉक्टरांना दाखवायचाच असतो, आणि पंचवीस वर्षे सिगारेट ओढलेल्या माणसाने तर त्यात चालढकल करूच नये. तो श्वासनलिकांच्या जुनाट सुजेमुळे असू शकेल. पण क्षयरोगाची आणि फुप्फुसाच्या कर्करोगाची सुरुवातही कधीकधी अशाच साध्या खोकल्याने होते, आणि सिगारेटमुळे या तिन्ही आजारांचा धोका वाढतो. थुंकीतून रक्त जाणे, कारण नसताना वजन उतरणे, आवाज बसलेलाच राहणे किंवा जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप लागणे यांपैकी काहीही असेल, तर आजच जा.

संशोधनातल्या तपासणीत हे सगळे कळेलच, अशी तुमची समजूत झाली आहे. ही समजूत अगदी सुशिक्षित माणसांचीही होते, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. संशोधनातली तपासणी ही त्या संशोधनाच्या प्रश्नापुरती असते. सिगारेट सोडण्याच्या अभ्यासात बहुतेक वेळा तुमच्या हातात एक छोटे यंत्र देतात, श्वास काही सेकंद रोखून धरायला सांगतात आणि मग नळीतून सावकाश फुंकायला लावतात. यंत्रावर एक आकडा उमटतो. तो तुमच्या श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडचा असतो, आणि त्यावरून गेल्या काही तासांत, फार तर एखाद्या दिवसात, तुम्ही सिगारेट ओढली होती का एवढेच समजते. छातीत गाठ आहे का, क्षयाचे जंतू आहेत का, हे त्या यंत्राला कळत नाही. तो आकडा चांगला आला म्हणून फुप्फुसे चांगली आहेत, असे मानून घरी आलेली माणसे मी पाहिली आहेत. तेव्हा खोकला या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा आणि संशोधनात नाव देण्याचा विचार त्यानंतर सवडीने करा.

तशाच आणखी दोन गोष्टी तुमच्या पत्रात एकत्र बांधल्या गेल्या आहेत. सिगारेट सोडायची की नाही हा एक प्रश्न, आणि संशोधनात नाव द्यायचे की नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ठरलेले आहे आणि ते दुसऱ्यासाठी अडवून ठेवण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये डॉक्टरांच्या धूम्रपानाचा अभ्यास सुरू केला आणि त्यातल्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या आयुष्याचा मागोवा पुढची पन्नास वर्षे घेतला गेला. सिगारेट ओढत राहिलेले लोक न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे लवकर गेले. ज्यांनी चाळिशीच्या आसपास सोडली त्यांनी त्या दहांपैकी सुमारे नऊ वर्षे परत मिळवली, पन्नाशीला सोडणाऱ्यांनी सुमारे सहा, आणि साठीला सोडणाऱ्यांनीही तीन. तुम्ही चाळीस आणि पन्नास यांच्या मधे उभे आहात. संशोधनाची नावनोंदणी सहा महिन्यांनी होणार असेल किंवा तुम्ही त्यात बसत नाही असे कळले, तरी तुमचा सोडण्याचा दिवस तुम्ही ठरवलेलाच असावा.

आता शेजारच्या वडीलधाऱ्यांच्या म्हणण्याकडे वळते. त्यांचा अविश्वास अज्ञानातून आलेला आहे असे मी म्हणणार नाही, कारण तो अनुभवातून आलेला आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी परिसरात १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या ३९९ गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर नुसती नजर ठेवली. पेनिसिलिन हा त्या रोगावरचा खात्रीचा उपाय म्हणून रूढ झाल्यावरही त्यांना तो दिला नाही आणि आपण कशात अडकलो आहोत हेही कधी सांगितले नाही. हे उघडकीस आल्यानंतर तिथले कायदे बदलले, पण ती आठवण कितीतरी वस्त्यांमध्ये अजून जिवंत आहे.

इतक्या लांब जाण्याचीही गरज नाही. उमेदवारीच्या काळात मी स्वतः अशाच एका वस्तीत संमतीपत्रांचा गठ्ठा घेऊन फिरत असे. एका आजींनी सही करण्यासाठी हातात पेन घेतले, कागद उलटून पाहिला आणि विचारले, "हा कागद तू घेऊन जाणार. मग माझ्याजवळ काय राहणार?" त्यांना द्यायला माझ्याकडे दुसरी प्रत नव्हती. पुढे त्या अभ्यासाचा निबंध छापून आला, आमची नावेही त्यावर आली. पण त्या गल्लीत परत जाऊन "तुमच्याकडून आम्हाला हे कळले" असे सांगण्यासाठी आम्ही ना एक दिवस राखून ठेवला होता, ना त्यासाठी पैसे. तुमच्या शेजाऱ्यांच्या तक्रारीत मला आमचीच चूक दिसते, आणि तिची मला आजही खंत वाटते.

मग नाव देऊच नये का? मला तसे वाटत नाही, आणि कारण असे. अनेक देशांत सिगारेट आता गरीब वस्त्यांमध्येच अधिक उरली आहे. त्या वस्त्यांतली माणसे सोडण्याचा प्रयत्न इतरांइतकाच करतात, पण त्यांना यश मात्र कमी वेळा येते. याचा इच्छाशक्तीशी संबंध जोडणे अन्यायाचे आहे. तुम्हीच पाहा : रात्रपाळी, दाटीवाटीचे घर, शेजारीपाजारी ओढणारे, पावलोपावली विक्री, आणि दवाखाना तुमच्या झोपेच्या वेळेतच उघडा. दिवसा नोकरी करणाऱ्या, स्वतःचा डॉक्टर असलेल्या आणि घरात शांत खोली असलेल्या लोकांवर तपासलेला उपाय तुमच्या आयुष्यात बसेलच असे नाही. तो बसतो का आणि बसत नसेल तर कुठे अडतो, हे तुमच्यासारख्या माणसांना सोबत घेतल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही. वस्तीने दार कायमचे बंद केले तर उपचार दुसऱ्यांच्या मापाने शिवले जातील आणि तुम्हाला ते घट्टच होत राहतील.

फक्त दार उघडताना विचारायचे ते विचारून घ्या. कार्यकर्ती पुढच्या वेळी आली की तिला बसवा, मुलीलाही जवळ बसवा आणि माहितीपत्रक मोठ्याने वाचून घ्या. सही त्याच दिवशी करण्याची सक्ती कोणी करत असेल, तर तेवढ्याच कारणावरून नकार द्यायला हरकत नाही. या अभ्यासाला कोणत्या नैतिकता समितीने (संशोधनात माणसांचे हित जपले जाते का, हे तपासणाऱ्या मंडळाने) परवानगी दिली आहे, हे पत्रकावर लिहिलेले असले पाहिजे आणि तक्रार करायची झाल्यास कोणाशी बोलायचे तेही असले पाहिजे. संमतीपत्राची एक प्रत तुमच्या घरात राहिली पाहिजे. मधेच बाहेर पडावेसे वाटले, तर केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे तुमचा नेहमीचा औषधोपचार थांबवता येत नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९६४ मध्ये मान्य केलेल्या आणि वेळोवेळी सुधारलेल्या, माणसांवरील वैद्यकीय संशोधनाच्या नैतिक तत्त्वांच्या हेलसिंकी घोषणापत्रात हे स्पष्ट म्हटलेले आहे. २०२४ च्या सुधारणेत तर संशोधनातल्या माणसासाठी वापरला जाणारा जुना शब्द बदलून त्याला 'सहभागी' म्हटले गेले. नुसता शब्द बदलून वागणूक बदलत नाही हे खरे. पण तुम्ही तो शब्द हक्काने वापरू शकता.

पैसा कोणाचा, हा प्रश्न मात्र सर्वांत आधी विचारा आणि उत्तर मोघम आले तर पुन्हा विचारा. १९५४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी शेकडो वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन आरोग्याच्या संशोधनाला मदत करण्याचे वचन दिले होते. त्या संशोधनाआडून लोकांच्या मनात शंका तेवत ठेवण्याचे काम कित्येक वर्षे चालले, हे पुढे त्यांच्याच कागदपत्रांतून आणि २००६ मध्ये तिथल्या न्यायालयाच्या निकालातून उघड झाले. २००५ मध्ये अमलात आलेल्या तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारात, सार्वजनिक आरोग्याची धोरणे तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून दूर ठेवावीत असे वेगळे कलम घालावे लागले, ते उगाच नाही. अभ्यासात तंबाखू कंपनीचा किंवा तिने उभ्या केलेल्या संस्थेचा पैसा असेल, तर माझा सल्ला नाव न देण्याचा आहे.

लाळ किंवा रक्त घेणार असतील तर ते कशासाठी, किती वर्षे ठेवणार, आणि दुसऱ्या कामासाठी वापरायचे झाले तर तुम्हाला विचारणार का, हेही कागदावर हवे. तुमचे नाव मालकापर्यंत किंवा विमा कंपनीपर्यंत पोहोचणार नाही ना, हे विचारा. येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेल्या वेळेचा मोबदला देत असतील तर तो घेण्यात कमीपणा नाही आणि त्यामुळे तुम्ही विकले जात नाही. आणि शेवटी विचारा, की निष्कर्ष सांगायला तुम्ही या वस्तीत कधी येणार? तारीख नसेल, तर ती आताच ठरवून घ्या. हा प्रश्न एकट्याने विचारण्यापेक्षा शेजारच्या वडीलधाऱ्यांनाच पुढे करून विचारलात तर त्याचे वजन वाढेल.

चिठ्ठीबद्दल तुमच्या मनात जी धास्ती आहे ती अशी असावी, की दुसऱ्या गटात पडलो तर मला वाऱ्यावर सोडतील. चिठ्ठीची पद्धत कोणावर अन्याय करण्यासाठी नसते; उपचार निवडण्याचे काम संशोधकाच्या हाती ठेवले तर तो नकळत ज्यांचे सुटेल असे वाटते त्यांनाच नवा उपाय देईल आणि मग तो उपाय चांगला होता की माणसे आधीच तयार होती, हे कळणार नाही. मात्र तुलनेच्या गटाला, म्हणजे नवा उपाय न मिळणाऱ्यांना, काय मिळणार, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तंबाखू सोडण्यासाठी उपयोगी ठरलेली औषधे आज उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या जुलैमध्ये प्रौढांसाठीच्या मार्गदर्शनात निकोटीनचे पर्याय (सिगारेटऐवजी निकोटीन देणारी पट्टी, च्युइंगम वगैरे), व्हॅरेनिक्लिन, बुप्रोपिऑन आणि सायटिसिन यांची शिफारस केली आहे. असे असताना एखाद्या गटाला 'काहीच नाही' मिळणार असेल तर तसे का, याचे पटेल असे उत्तर मिळाले पाहिजे, आणि अभ्यास संपल्यावर त्या गटाला उपचार मिळणार का तेही.

आता लाजेबद्दल. पत्रातल्या या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले, कारण पुष्कळ माणसे याच लाजेने संशोधनातून गळतात आणि उपचारांतूनही. तुम्ही पुन्हा ओढायला लागलात तर संशोधन बिघडत नाही. तुम्ही गप्प झालात तर बिघडते. एखादी व्यक्ती पाठपुराव्याला आलीच नाही, तर सिगारेट सोडण्याच्या अभ्यासांमध्ये तिची गणना सहसा 'पुन्हा ओढू लागली' अशीच करतात. म्हणजे फोन न उचलल्याने अपयश लपत नाही, उलट ते का आले ही त्यातली कामाची माहिती तेवढी हरवते. पहाटे चार वाजता काम संपत आले असताना पहिली सिगारेट पेटली, मित्राने पुढे केलेली होती, त्या दिवशी पगार कापला गेला होता, ही माहिती कोणत्याही यंत्राच्या आकड्यातून मिळत नाही आणि ती तुमच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही. खोटे सांगण्याचीही गरज पडू नये. ओढल्यानंतर पाचव्या दिवशी कबूल केलेत म्हणून तुम्हाला कोणी रागावले, तर त्या माणसाला हे काम येत नाही असे खुशाल समजा.

आकडेही हेच सांगतात. औषधाशिवाय आणि फारशा आधाराशिवाय सोडू पाहणाऱ्या शंभर जणांपैकी सहा महिन्यांनंतर सहाच्या आसपास माणसे सिगारेटपासून दूर असतात. निकोटीनचे दोन पर्याय एकत्र वापरले किंवा व्हॅरेनिक्लिन घेतले तर ती संख्या बारा ते चौदाच्या घरात जाते, म्हणजे दुप्पट किंवा त्याहून थोडी अधिक होते. चांगल्या औषधानेही शंभरातले बहुसंख्य पहिल्या खेपेला सुटत नाहीत, यात तुम्हाला निराशा दिसेल. मला तुमच्या तीन प्रयत्नांचा अर्थ त्यात दिसतो. निकोटीन ओढल्यापासून काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. पंचवीस वर्षे, रोज वीसदा, ही शिकवण मेंदूला मिळालेली आहे. ती तीन प्रयत्नांत पुसली गेली नाही, यात लाजण्यासारखे काही नाही.

चौथ्या खेपेला काय वेगळे करावे, तेही लिहिते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणे ही निकोटीनची ओढ तीव्र असल्याची खूण मानतात, म्हणून नुसत्या निर्धारावर विसंबू नका. खोकला दाखवायला जाल तेव्हाच डॉक्टरांशी पट्टी आणि च्युइंगम एकत्र वापरण्याविषयी किंवा व्हॅरेनिक्लिनविषयी बोला. व्हॅरेनिक्लिन सोडण्याच्या दिवसाच्या आठवडाभर आधी सुरू करायचे असते आणि त्याने सुरुवातीला मळमळू शकते. पट्टी लावण्याची सूचना बहुधा 'सकाळी' अशी लिहिलेली असते. तुमची सकाळ दुपारी होते, तेव्हा झोपून उठल्यावर, पहिली सिगारेट जिथे यायची त्या क्षणी, दंडावर किंवा छातीवर कोरड्या, केस नसलेल्या जागी ती लावा आणि रोज जागा बदला. च्युइंगम खाताना लोक नेहमीची चूक करतात : ते भराभर चघळून गिळतात, मग उचकी लागते, पोटात जळजळते आणि 'हे काही उपयोगाचे नाही' म्हणून फेकून देतात. ते सावकाश चावायचे, तोंडात तिखट झिणझिण्या आल्या की चावणे थांबवून गाल आणि हिरडी यांच्या मधे दाबून ठेवायचे, चव ओसरली की पुन्हा दोनचारदा चावायचे. असे अर्धा तास. निकोटीन पोटातून नव्हे, तर गालाच्या आतल्या त्वचेतून शोषले जाते, हे लक्षात ठेवले की कृती आपोआप बरोबर होते.

कॉफीबद्दल फारसे कोणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफीन लवकर निकालात काढते. धूर थांबला की तेवढ्याच कॉफीचा अंमल जास्त वेळ राहतो. जागरणासाठी तुम्ही कॉफी घेत असाल तर सोडण्याच्या दिवसापासून ती निम्मी करा, नाहीतर धडधड आणि निद्रानाश यांचे खापर सिगारेट सोडण्यावर फुटेल. धुराचा असा परिणाम काही औषधांवरही होतो, म्हणून तुम्ही नियमित काही घेत असाल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. सोडल्यावर काही आठवडे खोकला थोडा वाढू शकतो, कारण श्वासनलिका स्वतःला झाडूपुसू लागलेल्या असतात. पण हे मी तुमचा आजचा खोकला तपासून झाल्यानंतरसाठी लिहिते आहे.

रात्रपाळीत काम थांबवून पाच मिनिटे बाहेर जाण्याची मुभा बहुधा सिगारेट ओढणाऱ्यालाच असते. न ओढणाऱ्याने नुसते उभे राहिले तर तो कामचुकार ठरतो. तुमच्याकडेही तसेच असेल, तर सिगारेट सोडताना ती पाच मिनिटे सोडू नका. ती विश्रांती तुमची आहे. त्याच वेळी बाहेर जा, पण दुसऱ्या बाजूला उभे राहा, च्युइंगम गालात ठेवा आणि तलफेचा जोर ओसरू द्या. तो सहसा काही मिनिटांतच ओसरतो. पहिला आठवडा सर्वांत जड जातो, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चिडचिड व अस्वस्थता बरीचशी निवळते. तुमचे तिन्ही प्रयत्न त्याच्या अलीकडे, महिन्याच्या आतच तुटले आहेत, म्हणून या वेळी मुलीला ते चार आठवडे कॅलेंडरवर मांडून दाखवा आणि कोणत्या दिवशी तिची सोबत हवी आहे ते आधीच सांगा.

पैशाचे, तुलनेच्या गटाचे आणि वस्तीत परत येण्याचे उत्तर समाधानकारक मिळाले, तर संशोधनात नाव द्या; तुमच्या जागी मी असते तर तेच केले असते. नाव दिल्यावर महिन्याभराने त्यांचा फोन वाजेल. त्या वेळी तुमच्या हातात सिगारेट असली, तरी फोन उचला.